परग्रहवासीयाला न्यायला कोणी आलं नाही

नाटकाचं नाव काढू नका राव. आमच्या चाकणच्या कंपनीत वार्षिक कार्यक्रमाला आम्ही एक विनोदी नाटक बसवलं होतं. मी परग्रहावरून आलेला पाहुणा, तोंडाला हिरवा रंग फासलेला. शेवटी आमच्यातलाच शिंदे यान घेऊन मला घरी न्यायला येणार आणि पडदा पडणार, एवढंच होतं.

शिंदे आलाच नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस न आल्यामुळं सुपरवायझरनं त्याला मशीनवरच थांबवलं होतं, हे मला नंतर कळलं. मी आपला वर बघत म्हणालो, "येतीलच आमचे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, "निघालेत म्हणे."

समोर सगळे फर्स्ट शिफ्ट करून आलेले. कोणी हसेना. तेवढ्यात आमचे जुने ऑपरेटर जाधवमामा पहिल्या रांगेतून म्हणाले, "ओव्हरटाइमला धरला आसंल त्याला. उभा ऱ्हाऊन दमशील, बस खाली."

मी बसलो. कुणीतरी पडदा पाडला.

नंतर मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. "शेवट काळजाला लागला. लिहिला कुणी?"

म्हटलं, "शिंदेच्या सुपरवायझरनं."