पाठीवरच्या पट्ट्या

माजं माहेर मंडणगडाकडं डोंगरात, बौद्धवाडीतलं, आन् दिली सावर्ड्याच्या बाजूला. नवरा मुंबयला वॉचमन होता, तो वारला तशी मी काजूच्या कारखान्यात लागले, बी फोडायला. काय सांगू तुमाला, त्या टरफलातनं काळं तेल निघतं, हाताला लागलं की भाजतं, सगळ्या बायकांचे हात काळे, पण त्यांचे बरे व्हायचे नि माजे नाय. आधी खाज, मंग फोड, मंग कातडी सोलून पाणीच गळायला लागलं. मालकीण बोलली हातमोजे घाल, घातले, तर मनगटाच्या वर चढलं.

वाडीत बोलायला लागले, हिला महारोग झालाय. आमच्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नसत, ती सांगायची, पण ते गाव होतं ओ, हितं माजी सून. शीतल. पोरगी वाईट नाय, मुलगा मुंबयला, ती एकटी नातवाला सांभाळायची, भ्याली. वेदूला माज्याकडं देयना. माजं ताट वेगळं झालं. मी भांडले नाय, बोलले चल, रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात जाऊ, डॉक्टरणीच्याच तोंडून ऐक.

वेदूला घेऊन रत्नागिरीत बहिणीकडं उतरलो. डॉक्टरीण गोड बोलायची. मावशी, पाठीवर पट्ट्या चिकटवते, एकेका पट्टीत वेगवेगळी वस्तू हाय, जिच्याखाली कातडी उठेल ती तुम्हाला बाधते, पण पाठ भिजवू नका, घाम येऊ देऊ नका. आता मे महिन्यात आमच्या हितं घाम नको म्हणजे काय? दुसऱ्याच दिवशी एक पट्टी सुटायला लागली, माजा हात पोचेना, शीतलला हाक मारली. तिनं फडक्याचा बोळा केला, त्यानं पट्टी दाबली, आन् गेली साबणानं हात धुवायला. मी भिंतीकडं तोंड करून उभी. मनाला सांगितलं, आता थोडंच रायलं.

पट्ट्या काढल्या तर टरफलाच्या तेलाच्या जागी पाठ फुगलेली, हातमोज्याच्या रबराच्या जागीपण. डॉक्टरीण बोलली, कारखाना सोडा, आंब्याचा चीकसुद्धा त्याच जातीचा, लागू देऊ नका. मी बोलले, बाय, ते असू दे, आधी हिला सांगा. तिनं शीतलला समोर बसवून सांगितलं, ही अ‍ॅलर्जी, एकाची दुसऱ्याला होत नाय, बाळाला खुशाल देत जा. शीतल हो हो बोलली. मला केवढं हलकं वाटलं! बाहेर येऊन बाकड्यावर बसले, वेदूसाठी हात पुढं केले, तर ती त्याला घेऊन पार पलीकडं जाऊन बसली. बोलली, आई, कळतं ओ मला, पण मन नाय घेत.

काम सुटलं ते सुटलंच. हात थोडे बरे हाईत, पण शेजारी चुलीत टरफलं जाळली की तोंड सुजतं, चुली कुणाकुणाच्या विझवू? वेदू आता शाळेत जातो. परवा अंगणात पडला, गुडघा फुटला, मी धावले, तर रडता रडता बोलतो, आजी, तू नको, आयेला बोलव. बोलावली. काय करणार? शिकू दे, सुखात राहू दे पोर.

उठू नका, चाय घेऊन जा. शीतल करते. मी नाय करीत.