डोमाजीने राखलेली पाळ

सभापती गुरुजी, जमलेल्या भावांनो, बायांनो,

मला बोलता येत नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो. काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण डोमाजीवर मी बोललो नाही तर कोण बोलेल?

डोमाजी आपल्या ढिवरपुऱ्यातला, मासोळी धरणाऱ्यांतला. चांद्याकडे खाणीत कोळसा उचलायचा. लढाईच्या काळात तिथूनच आरमारात गेला. काम तेच, जहाजाच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकायचा. परत आला तेव्हा आपण सगळे चावडीवर जमलो होतो. मीच विचारलं, "काय गा डोमाजी, समुद्र कसा असते?"

"गरम असते, भाऊ. मले भट्टीच दिसे."

आपण हसलो. बिनसमुद्राचा शिपाई म्हणालो. म्हणालो की नाही, सांगा?

मग त्याच साली पावसाची झड लागली. तलाव काठोकाठ भरला. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. ओरड झाली की सगळा गाव तलावाच्या बांधावर, पाळीवर धावायचा. दोन दिवसांत सगळा गाव थकून घरी पडायचा. आधी एकदा पाळ तशाच वेळी फुटली होती. धान गेलं, मासोळी गेली.

डोमाजीने जहाजावर असतात तशा गावाच्या तीन टोळ्या केल्या. एक पाळीवर, एक माती आणि धानाचं वाळलं तणीस घेऊन तयार, एक घरी झोपायला. पाटील भडकले. "पाळ फुटून राह्यली अन् हा झोपा म्हणते!"

"झोपणं बी ड्युटीच हाय, पाटीलभाऊ."

मी तर बैलगाडी जुंपून ठेवली होती. पळायला. आज कबूल करतो. त्याने ती पाहिली. वाटलं, आता चारचौघांत माझी लाज काढतो. तो म्हणाला, "तुमी लय भिता, भाऊ. तुमालेच पहाऱ्यावर ठेवतो. भित्र्याचा डोळा लागत नाई. जहाजात आमी खाली भट्टीपाशी असू, तवा वरती असाच माणूस पाह्यजे वाटे."

पाळीच्या पायथ्याशी निवळ पाणी झिरपलं तर पाहत राहायचं, गढूळ आलं, म्हणजे आतली माती वाहू लागली, तर हाक मारायची. मला निवळही गढूळच दिसे. सात वेळा हाक मारली. सातही वेळा खोटी! लोक शिव्या देऊ लागले. डोमाजी मात्र दरवेळी धावत आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर केलं. पुन्हा बलावा."

आठव्या वेळी, भर दुपारी, खेकड्याच्या बिळातून चहासारखं पाणी आलं.  मी जीव खाऊन हाक मारली! झोपून ताजी झालेली टोळी धावली. डोमाजी छातीभर पाण्यात उतरला, पायाने चाचपत आतलं भोक शोधलं, तिथे तणीस कोंबलं, वरून माती. दिवस मावळायच्या आत पाणी थांबलं. पाळ राहिली! धान राहिलं! पाटलांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली, चिखलासकट.

त्यानंतर एकाही पावसाळ्यात आपली पाळ फुटली नाही. एकाही.

परवा तापाने तो गेला. तलाव आजही काठोकाठ आहे. मी सकाळपासून तीनदा पाहून आलो. त्याची टोळी या सभेला नाही, त्याचा मुलगाही नाही. कोणी नावं ठेवू नका. ते ड्युटीवर आहेत.

आता उठा. डोमाजीसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहू. पाळीकडून हाक आली, तर मात्र गप्प राहायचं नाही. धावायचं.