चार कोपऱ्यांना चार कर्णे

...आन् वर मलाच म्हनतो, "पाहुणे, तुमच्या घराचाच आकार चुकलाय!" आता बोला! नगरच्या दुकानात पंख्याखाली बसलेला मानूस, त्यानं तिसगावातलं माजं घर बघितलं न्हाई, दार कुठं, चूल कुठं, कायबी ठाऊक न्हाई, आन् घर चुकलं म्हनतो! मी इचारलं काय हुतं? तर बाबा, घरात रेडूचा आवाज मोठा करायचाय, स्पीकर किती घ्यावं, कुठं टांगावं. एवढंच! तर म्हनला, "दोन पेट्या घ्या. सतार डावीकडून येईल, तबला उजवीकडून. तुम्ही फक्त मधोमध बसा." म्हनलं, आरं, माज्या बायकूला डावीकडनंबी ऐकू येत न्हाई आन् उजवीकडनंबी न्हाई, तिचा कंचा कान देऊ तुज्या तबल्याला? तुमाला सांगतो मंडळी, आवाज निवडनं लई अवघड काम!

आमची छबू हो. गेल्या सालच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्ती. तिथं खानीत सुरुंग उडायचं. घरी आली की म्हनायची, कानात भुंगा शिरलाय. भुंगा दोन महिनं राह्यला, आन् गेला तो हिचं ऐकनंच घेऊन गेला. डाक्टर म्हनला, थोडं उरलंय, तेबी जाईल. म्हंजी मला किती घाई हुती, बघा! मी बोलावं तर तिला ऐकू येईना, वरडावं तर म्हनायची, "अवं, वरडू नका, लोकान्ला वाटंल आपलं भांडान लागलंय." तीस वर्सं भाकरी थापता थापता ही बाई माज्याशी बोलली, आन् आता दोघंबी मुकाट. भजन लागलं की तेवढी रेडूला कान चिकटवून बसायची. म्हनलं, हाय तवर पोटभर ऐकू दे.

मग आला गोरक्षनाथ. आमच्या गावचा मांडववाला. "मच्छिंद्रनाना, पेट्या कसल्या घेता? चार कोपऱ्यांना चार कर्ने! मेलेलं मानूस उठून बसंल!" मला पटलं. त्यानंच मशीन आनलं, त्यानंच कर्ने बांधलं, बटन दाबलं... घरात काय न्हाई! आन् भाईर कुत्री पळायला लागली. का? तर ह्या शहान्यानं चारी कर्न्यांची तोंडं खिडक्यांतनं भाईर काढलेली! "आसं कसं रं?" तर म्हनतो, "नाना, कर्न्याचं तोंड गावाकडंच असतं. घराकडं तोंड करून आजवर कुनी बांधलाय का?" त्याचंबी बरोबर, जलमभर लगनातच बांधलेत! तवर शेजारची राहीबाई नवं लुगडं नेसून दारात, "कुनाचं लगीन हाय वं? आमाला आवतन न्हाई?" छबू तिला बघून हसतीय, पाट मांडतीय. समद्या गावानं भजन ऐकलं, एक तिनंच न्हाई! आवाज निवडनं लई अवघड काम, खोटं न्हाई सांगत!

तोंडं आत फिरवली. छबूला मधोमध घोंगडीवर बसवली. आन् बटन दाबलं... आरारारा! भिंतीचा पोपडा पडला, कोंबड्या पळाल्या, गोरक्षनाथानं कानात बोटं घातली. आन् छबू? डोळं मिटून मान डोलवतीय! तिला हालवून खुनेनं इचारलं, येतंय का? "येतंय की! लई गोड!" माज्या डोळ्यांत पानी आलं हो. म्हनलं, जिंकलो.

आन् वीज गेली.

भर दुपारची येळ. समदं चिडीचूप. छबूनं डोळं परत मिटलेलं, आन् मान आपली डोलतीय... डोलतीय... गोरक्षनाथानं तोंड उघडलं, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. छबूनं डोळं उघडलं, माजं तोंड बघितलं आन् म्हनली, "आसं काय बघताय? टाळ किती सुरेख वाजतोय!"

पयला राग आला मला. एवढी यातायात केली, आन् ही मला फशिवती? मग कळ्ळं, मी तिच्यासाठी कर्ने बांधलं, आन् ती माज्यासाठी ऐकत हुती. परसदारी जाऊन रडलो मी. सांगायला लाज कसली?

तवापासनं रोज दिस कलला की आमी दोघं मधोमध बसतो. चार कर्ने आमच्याकडं बघत्यात. वीज असली तर असती, नसली तर नसती. काल सकाळपासनंच नव्हती. घरात माशी हालली तरी ऐकू यावं एवढं शांत. छबूनं मला कोपरानं ढोसलं, म्हनली, "अवं, जरा बारीक करा की. राहीबाईची सून बाळंतीन हाय, पोर दचकंल."

आता काय करनार? उठलो, आन् केला बारीक.