तांबडीचा हौद

अन्याय तांबडीवर झाला. होळीनंतरच्या पहिल्याच बाजाराला, भर दुपारी, मोखाड्याचा चढाव संपतो तिथे. पाठीवर ओझं घेऊन आलेल्या या घोडीला दगडी हौदापाशी पाण्यासाठी ताटकळावं लागलं, कारण हौदाला टेकून जीप उभी होती. रस्त्याच्या, पार्किंगच्या बैठका होतात तेव्हा घोडी कुणाच्याच कागदावर नसते. म्हणून तिचे मालक लहानूबाबा बोलले ते त्यांच्याच तोंडून.

मी मूळचा सूर्यमाळकडचा, पण वाढलो जव्हारात, घोड्यांच्या पायाशी, कारण माझा बा टांगा हाकायचा, जव्हार ते मोखाडा, जायचा एक दिवस नि यायचा एक. मास्तर बसायचे, तलाठी बसायचा, कापडाचे गठ्ठे, रॉकेलचे डबे, लग्नाची नवरी पण. आणि काय सांगू तुमाला, तवा रीत अशी का चढाव आला की समद्यांनी खाली उतरायचं, घोडीच्या बरोबरीनं चालायचं. एकदा एक साहेब उतरंना, म्हणे मी भाडं दिलंय, बा म्हणाला साहेब, भाडं टांग्याचं दिलंत, चढाव घोडीचा हाय. उतरला साहेब. वर पोचलं की हा हौद. आधी घोडी पिणार, मंग माणसं ओंजळ धरणार, साहेब असो का कोण असो. झऱ्याचं पाणी, उन्हाळ्यात करंगळीएवढी धार, पण तुटत नाय.

बा थकला तसा लगाम मी घेतला. मंग एसट्या वाढल्या, जीपा आल्या, टांगा मोडला. मी रडलो नाय त्याला, बरंच झालं, बाळंतीण आता दिवसभर हेलकावे खात जात नाय. पण जीप सडकेवर थांबते आणि आमचे वरचे पाडे सडकेवर नायत, म्हणून मी टांगा सोडला, घोडी नाय सोडली. तांबडी ही बाच्या घोडीची पणती. एका अंगाला गॅसची टाकी, दुसऱ्या अंगाला तांदूळ, असा पाड्यांचा बाजार तिच्या पाठीवर वर जातो. तिथल्या बाया मला विचारत नायत, आधी तिला विचारतात, आलीस का गं बाय, नि नागलीची भाकर तिच्या तोंडात देतात. मला मागून चहा.

तर त्या दिवशी ती हौदापाशी आली नि पुढं जीप. मी कडेनं हात घालून बादली भरली, ती बादलीला तोंड लावंना. आई, आजी, पणजी जिथं प्याल्या तिथंच ही पिणार. आडवी उभी राहिली सडकेत, मागं एसटी बोंबलाय लागली. जीपवाला संजू, पोर चांगलंय, म्हणतो बाबा, घोडी बाजूला घ्या की. मी म्हणालो संज्या, तू पोटात व्हतास तवा तुझ्या आईला मीच दवाखान्यात नेलं, या चढावाला समदे उतरले, ती एकटी टांग्यात बसून व्हती, म्हणजे तू पण बसून व्हतास, आता उतर. लोक हसले. संजूनं चावी फिरवली तर जीप चालूच होईना, बॅटरी गेलेली. मंग काय, आतले समदे खाली, मास्तरीणबाई पदर खोचून, नि लागले ढकलाय. किती वर्षांनी त्या चढावाला माणसं उतरलेली बघितली मी. संजूला म्हणालो, बघ, तुझी घोडी पण दमली. तो म्हणतो, बाबा, हिला पण पाणी पाजा मंग. तांबडी प्याली, सावकाश, मधेच मान वर करून समद्यांकडं बघत.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण ती चालते तवर मी चालतो. फक्त पुढच्या बाजाराला गेलो तर हौदापुढं दोन जीपा नि एक मोटारसायकल, आणि दर बाजाराला बॅटरी थोडीच जाणार?

तर वाचणाऱ्या भावांनो, बायांनो, चढावाला उतरा असं मी म्हणत नाय, तुमी बसा निवांत. हौदापुढं एका घोडीची जागा सोडा. आणि तुमची गाडी तिथं लावलेली असेल, तर सगळं वाचून झाल्यावर नाय, आत्ता जाऊन काढा. तांबडी चढाव चढून येतेय.