हिरवीगार बाजरी

शेवगावच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बाप-लेक गाडीची वाट बघत बसले होते. लेक कुणा सरांच्या शेतावर राहून सेंद्रिय शेती शिकत होती.

“आण्णा, उद्या सर आपल्या रानात माझी बाजरी बघायला येणार. ती पसंत पडली की माझं शिक्षण पुरं.”

“उद्याच कशाला? येऊ दे की सावकाश.”

“घाबरताय कशाला? बाजरी कशी हिरवीगार हाय! सगळी शेणा-गोमूत्राची कमाल.”

“व्हय, कमाल हाय.”

“माझ्याकडं बघून बोला.”

“पिवळी पडली हुती गं ती. तू गेल्यावर थोडा युरिया टाकला.”

“आण्णा! थोडा म्हंजी किती?”

“मूठभर.”

“आण्णा…”

“बरं, घमेलंभर.”

“काय केलंत हो हे!”

“पिवळी पानं बघून तू रडत गेलीस. मला बघवलं न्हाई.”

“मी सरांना खरं तेच सांगणार. आता सगळं पहिल्यापासून करावं लागंल.”

“कर की. पर या खेपेला सरांच्याच रानात पेर. आपल्या रानात पिवळं पान दिसलं, की माझा हात ऱ्हात न्हाई.”