शेवटचा भाग सांगू नकोस

इलोइलोच्या आरोग्य केंद्रात लशीच्या रांगेत माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. तो जहाजावरून कालच घरी आलेला. त्यांची छोटी नेने आईला घट्ट बिलगली होती, त्याच्याकडे जायलाच तयार नव्हती. माझं बाळ नुकतंच झोपलं होतं, त्यामुळे मला हलायचीही सोय नव्हती.

“मालिकेतल्या त्या अंतराळवीर बाईला तिची मुलगी ओळखते का गं शेवटी?”

“शेवटचा भाग एकत्र बघायचा, असं तूच म्हणालास ना, विल्मार?”

“ती अंतराळातून परत येते, घरातलं सगळं जरा वेगळंच, आणि पोरगी म्हणते, ही माझी आई नाही. जहाजावर हसू आलं होतं मला.”

“मग हस आता.”

“तू बघितलायस तो भाग. तोंडावरून कळतंय.”

“मला व्हिडिओ कॉल लाव.”

“इथे? शेजारी बसून?”

“लाव तर. आणि फोन नीट धर, नेहमीसारखं नुसतं कपाळ दिसतंय.”

त्याचा कॉल आला तसा तिनं आपला फोन मुलीसमोर धरला. “नेने, हा बघ पापा.”

“पापा.”

“बघ, फोनला लगेच पापा म्हणाली.”

“बोलत राहा.”

“काय बोलू?”

“रोज काय विचारायचास?”

“नेने, जेवलीस का?”

नेनेनं फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “भात,” असं म्हणून तिनं त्याच्या दाढीला हात लावला.

“मारिविक, शेवटी असंच होतं का?”

“नाही रे. त्या बाईला फार भाग लागतात.”