दाजी खुर्चीत असेपर्यंत

डॉक्टर: हलू नका दाजी, दाताच्या मुळात सुई आहे.

दाजी: आँ.

डॉक्टर: हो, मलाही दिसतंय. सिस्टर, कॉम्प्युटरला काय झालं हो? एक्स-रे घ्यायचाय.

सिस्टर: सर, जांभळा झालाय. मध्ये एक पट्टी सरकतेय. खाली लिहिलंय, 'नवीन आवृत्ती प्रस्थापित होत आहे. कृपया संगणक बंद करू नये.'

दाजी: आँ आँ. आँ.

डॉक्टर: दुखतंय?

दाजी: अं अं.

डॉक्टर: थांबा, सुई काढतो. कापूसही काढतो. हं, बोला आता.

दाजी: अपग्रेड कुणी सुरू केलं?

डॉक्टर: आपोआप झालं असेल.

दाजी: मी इथे टाकून दिलेल्या लिनक्समध्ये असं आपोआप होत नसतं. वापरकर्त्याला विचारल्याशिवाय तिथे पान हलत नाही. हाच तर मूलभूत फरक आहे.

डॉक्टर: माहितीये. रोज सकाळी विचारतं मला. 'या आवृत्तीचे साहाय्य संपले आहे, पुढे जायचे का?' मी रोज 'नंतर' म्हणतो आणि कवळ्या बसवायला लागतो.

दाजी: माझा ओठ कुठे गेला?

डॉक्टर: जागेवर आहे. भूल आहे ना, डावी बाजू संध्याकाळपर्यंत अशीच राहील.

दाजी: संध्याकाळी माझं व्याख्यान आहे. पोरंपोरी लॅपटॉप घेऊन येणारेत, मी सगळ्यांना लिनक्स टाकून देणार आहे.

डॉक्टर: ताई म्हणाली. विषय काय ठेवलाय?

दाजी: 'संगणकीय स्वातंत्र्य आणि आपण'.

डॉक्टर: वा. मान जरा मागे घ्या.

दाजी: अरे, उरक ना मग. तिकडे ते चालू राहू दे, तू इकडे दात कर.

डॉक्टर: लांबी कळल्याशिवाय कसा करू? सुई मुळाच्या टोकापर्यंत गेली की नाही, ते एक्स-रेवर बघायचं असतं. अंदाजाने गेलो तर एक तर निम्मं राहील, नाहीतर खाली हाडात जाईल. आणि एक्स-रे येतो त्या जांभळ्यावर.

दाजी: जुनं फिल्मचं मशीन होतं ना तुझ्याकडे?

डॉक्टर: तुम्हीच काढायला लावलंत. 'सेन्सर जोडून दिलाय, आता ती अडगळ कशाला?' रद्दीवाल्याला हाकही तुम्हीच मारलीत.

सिस्टर: सर, हे काहीतरी विचारतंय. 'आपण या फाइलमध्ये बदल केलेले दिसतात. आपली आवृत्ती ठेवावी की नवी स्वीकारावी?' खाली 'ठेवा' आणि 'स्वीकारा' आहे.

दाजी: कुठली फाइल?

सिस्टर: नाव मोठं आहे. शेवटी सेन्सर आहे.

दाजी: हं. ती मी हाताने लिहिली होती.

डॉक्टर: मग काय करायचं? ठेवायची?

दाजी: त्यात मी काय लिहिलं होतं त्यावर आहे.

डॉक्टर: काय लिहिलं होतं?

दाजी: तीन वर्षं झाली रे.

डॉक्टर: म्हणजे आठवत नाही.

दाजी: तत्त्व आठवतंय. तपशील नाही.

सिस्टर: ठेवा म्हणू की स्वीकारा म्हणू? बाहेर आजोबा कवळी हातात घेऊन बसलेत.

दाजी: आपली ठेवा. आपलं ते आपलं. मुळात, सिस्टर, हा प्रश्न विचारला जातोय यातच लोकशाही आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या प्रणाली तुम्हाला न विचारता—

डॉक्टर: लाळ साठतेय तुमच्या तोंडात. जरा कापूस ठेवतो.

दाजी: आँ.

डॉक्टर: सिस्टर, 'ठेवा'वर दाबा. आणि दाजी, आता ऐका, कारण एरवी तुम्ही ऐकत नाही. दवाखाना उघडला तेव्हा मामांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. तुम्ही लिनक्स दिलंत. घड्याळाला एकदा सेल घातला, अजून चालतंय. गेल्या वर्षी तुमचं लिनक्स प्रिंटर ओळखेनासं झालं, मी फोन केला. तुम्ही म्हणालात, बाहेर आहे. मागून ताईच्या मिक्सरचा आवाज येत होता.

दाजी: अं.

डॉक्टर: त्याच्या आधी आवाज गेला. दातांच्या दवाखान्यात आवाज कशाला, असं म्हणालात. मीही म्हटलं, खरंच कशाला. मग पडद्यावर सगळं आडवं व्हायला लागलं. दोन दिवस मी मान वाकडी करून पेशंटचे दात बघत होतो. मला स्पॉन्डिलायटिस आहे असं लोक एकमेकांना सांगत होते.

दाजी: आँ आँ आँ.

डॉक्टर: कापूस काढतो, बोला.

दाजी: फोरम कशासाठी आहे? तिथे विचारायचं. समुदाय मदत करतो.

डॉक्टर: विचारलं ना. सगळं व्यवस्थित लिहिलं, मी डॉक्टर आहे, पेशंट खोळंबलेत, कृपया सांगा. पाच मिनिटांत एकाचं उत्तर आलं. 'आधी माहितीपुस्तिका वाचा. आळशी वापरकर्त्यांमुळेच चळवळ मागे पडते.' नाव लावलं होतं मुक्तपाखरू.

सिस्टर: भारीच उद्धट.

डॉक्टर: खाली ओळखही होती. 'दवाखाने, शाळा, सासुरवाडी येथे यशस्वी प्रस्थापना.'

दाजी: कापूस ठेव परत.

डॉक्टर: काही म्हणालात?

दाजी: रोज तेच ते प्रश्न येतात. उत्तर त्या मानाने सौम्य होतं.

सिस्टर: सर, पट्टी पूर्ण भरली. बंद होऊन परत सुरू होतंय.

डॉक्टर: झालं म्हणजे.

सिस्टर: काळा झाला. कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करतेय. बाकी काही नाही.

दाजी: थांबा जरा.

सिस्टर: थांबलेय. रेघच आहे अजून.

डॉक्टर: दाजी, त्यात माझ्या सगळ्या पेशंटचे एक्स-रे आहेत. गावातल्या नव्वद टक्के लोकांच्या तोंडात मी काय करून ठेवलंय ते त्यात आहे. मला ते तोंडपाठ नाही.

दाजी: बॅकअप घेतलास ना?

डॉक्टर: 'आपोआप होईल असं करून ठेवलंय' म्हणाला होतात.

दाजी: मी?

डॉक्टर: बासुंदीसारखं गोड हसून.

दाजी: तात्पुरतं सिमेंट भर या दातात. मी जातो, उद्या येतो आणि बघतो काय ते.

डॉक्टर: भरतो की. रात्री ठणका लागला तर फोन करा.

दाजी: हो.

डॉक्टर: मी बाहेर असेन.

दाजी: अरे, मी तुझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे.

डॉक्टर: म्हणूनच तीन वर्षं गप्प आहे. दोनदा लिनक्स काढून टाकायला निघालो, माणूस बोलावून ठेवला होता. दोन्ही वेळा ताई म्हणाली, 'ह्यांनी इतक्या प्रेमाने टाकून दिलंय, त्यांना काय वाटेल?' त्या माणसाला मी दात साफ करून परत पाठवलं. फुकट.

दाजी: मला बसतं कर. मी बघतो.

डॉक्टर: बसतं नाही करता येणार. दात उघडा आहे, लाळ जाईल. इथूनच सांगा.

दाजी: पडदा तरी माझ्याकडे वळव.

डॉक्टर: वायर पुरत नाही. तुम्हीच भिंतीला पक्की केलीत.

(दाजी उताणे पडूनच हवेत दोन्ही हातांनी टाइप करू लागतात.)

सिस्टर: सर, ह्यांना झटका येतोय का?

दाजी: मी आज्ञा आठवतोय. सिस्टर, मशीन बंद करा. बटण दाबून धरा. परत सुरू करताना शिफ्ट दाबून ठेवा, यादी येईल.

सिस्टर: बंद करू नये असं लिहिलं होतं ना?

दाजी: ते तेव्हा. आता करावं.

सिस्टर: आली यादी. चार ओळी आहेत.

दाजी: वरची नको. खालची, जिच्यात जुना आकडा आहे ती. ते जुनं कर्नल, म्हणजे गाभा. नवा चालला नाही तर जुना राखून ठेवलेला असतो. बघितलंस? दूरदृष्टी.

डॉक्टर: गाभ्याची आहे. तुमची नाही.

सिस्टर: अक्षरं पळतायत. खूपच पळतायत. सर, आलं. आपलं नेहमीचं चित्र आलं, डोंगराचं.

डॉक्टर: पेशंटची यादी?

सिस्टर: आहे. सगळी आहे.

डॉक्टर: बरं. बरं झालं. एक मिनिट हं. मी जरा स्टुलावर टेकतो.

दाजी: पाणी द्या त्याला कुणीतरी.

सिस्टर: पण मी अपग्रेडचं बटण दाबलं तेव्हा असं काही होईल असं वाटलं नव्हतं.

दाजी: तुम्ही दाबलंत?

सिस्टर: सर सकाळीच म्हणाले होते ना. 'दाजींना भूल लागली की मी मान हलवीन, मग तुम्ही पुढे जा म्हणून दाबा.'

डॉक्टर: सिस्टर, आजोबांना सांगा, दहा मिनिटं.

सिस्टर: सांगते.

दाजी: तू मुद्दाम केलंस.

डॉक्टर: केव्हातरी करावंच लागणार होतं. एकट्याने दाबायची हिंमत होत नव्हती.

दाजी: सरळ सांगायचं होतंस.

डॉक्टर: सरळ सांगितलं तर तुम्ही बाहेर असता. घरी आलो तर ताईसमोर बोलता येत नाही. सगळ्या गावात ही एकच खुर्ची आहे, जिच्यातून माणूस मध्येच उठून जात नाही. तुमचा दात दुखायची मी वाट बघत होतो. माझ्या धंद्यात असं म्हणू नये, पण बघत होतो.

दाजी: आणि ते कधीच सुरू झालं नसतं तर?

डॉक्टर: तर तुम्हीही इथेच असतात. दोघं मिळून काहीतरी केलं असतं. चला, सुई घालतो, एक्स-रे घेऊ. हा सेन्सर चावू नका, तुमच्या दातापेक्षा नाजूक आहे.

दाजी: आँ.

डॉक्टर: सिस्टर, या हो. क्लिक करा. हं. आला. स्वच्छ आलाय. बघा तुमची फाइल, दाजी, तिने काम केलं. मूळ जरा वाकडं आहे तुमचं, पण लांबी कळली. पुढचं करतो. दुखलं तर हात वर करा, मी बघितलं तर थांबेन.

दाजी: अं.

डॉक्टर: झालं, आजचं एवढंच. औषध भरून वर सिमेंट लावलंय. त्या बाजूने चावू नका, आणि व्याख्यानात पाणी पिताना रुमाल धरा, ओठ गळेल. पुढच्या बुधवारी या.

दाजी: पुढच्या बुधवारी कशाला?

डॉक्टर: तीन सिटिंग लागतील. आज गाभा झाला. बुधवारी प्रिंटर आणि तो बॅकअप. त्याच्या पुढच्या वेळी आवाज.

दाजी: आवाज कशाला? तूही म्हणालास, दातांच्या दवाखान्यात—

डॉक्टर: गाणी लावणार आहे. तुम्ही तासभर पडून असता, करमणूक हवी.

दाजी: एक विचारू? एक वापरकर्ता म्हणून.

डॉक्टर: विचारा की.

दाजी: या दाताला खरंच तीन सिटिंग लागतात का?

डॉक्टर: आ करा, एकदा सिमेंट बघू दे.